पारबताचं बारसं

“पारबता ना? ते तर मेली जी,” फोनवरचा माणूस म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. ऑफिसच्या उघड्या दारातून पारबता मला समोर दिसत होती. व्हरांड्यात पाय पसरून, सुपातल्या तांदळातले खडे वेचून ती बाजूला टाकत होती.

“मेली नाही हो, माझ्यासमोर बसली आहे,” मी म्हणाले. “तांदूळ निवडतेय.”

“दुसरी कोणी असन.”

“तुम्हाला व्हिडिओ पाठवला होता. बघितलात ना?”

मागे कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती.

“पाह्यला,” तो म्हणाला.

“मग? तीच आहे ना?”

“तिचं आमी सारं केलं मॅडम. कणकीचा पुतळा केला, त्याले अग्नी देल्ला, दहावं केलं, तेरवी केली, गाव जेवू घातलं. आता तुमी म्हणता तांदूळ निवडून राह्यली. कसं आयकावं माणसानं?”

आणि फोन बंद झाला. मी लगेच परत लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात डोकेबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

“उत्तरा, जरा बस.”

“बसलेच आहे की.”

“तू कधीच बसलेली नसतेस. खुर्चीवर असतेस तेवढंच.”

डोकेबाई ‘ओसरी’च्या संचालिका. ओसरी म्हणजे घर हरवलेल्या बायकांचं घर, कुर्डुवाडीच्या स्टेशनापासून चालत जाण्याइतकं जवळ. जंक्शन असल्यामुळे कुठून कुठून गाड्या येतात, आणि त्यांतून कधीकधी अशा बायका उतरतात ज्यांना कुठे उतरलो ते माहीत नसतं. त्यांना डोकेबाई घेऊन येत. डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन तपासत, गोळ्या देत. बऱ्या झालेल्या बायका घरी जात, ज्यांचं घर सापडत नसे त्या राहात.

मी तिथे गेले ती काही समाजसेवेचा उमाळा येऊन नव्हे. पुण्यातल्या कंपनीने आमची अख्खी टीम एका सकाळी घरी पाठवली आणि मी बाबांकडे कुर्डुवाडीला आले. दिवसभर घरात फेऱ्या मारायची. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गच्चीवर. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, शांत माणूस. ते चार दिवस बघत राहिले आणि म्हणाले, “फरशी आपलीच आहे म्हणून काय तिला भोक पाडायचं? जा, त्या डोकेबाईंचा कॉम्प्युटर बंद पडलाय. तिकडे चाल काय चालायचं ते.”

कॉम्प्युटर एका दुपारीत चालू झाला. प्रिंटर दुसऱ्या दिवशी. मग बायकांचे फोटो, डॉक्टरांचे कागद, सगळं मी नीट लावून दिलं, सीसीटीव्ही बसवला, देणगीदारांसाठी वेबसाइट केली. आठवड्याभरात माझ्याकडे पुन्हा काही काम उरलं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी मग बायकांच्या मागे लागले. घरं शोधायची, बस्स.

पारबताला तेव्हा सगळे मंगळाबाई म्हणत, कारण ती मंगळवारी सापडली होती. पन्नाशीच्या अलीकडची असावी. गोळ्यांनी ती पुष्कळ सुधारली होती, हाताला काम हवं असे, पण गाव विचारलं की उठून झाडू हातात घेई आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागे. स्वतःहून ती एकच गोष्ट बोले. बाहेरून कोणी नवीन माणूस आलं, अगदी गॅसवाला आला तरी त्याच्यासमोर जाऊन उभी राही आणि कमरेपाशी हात धरून विचारी, “माही कुशी पाह्यली का? एवढीशी हाय.”

गॅसवाला म्हणे, नाही मावशी. ती मान हलवी आणि परत जाई. मी गेले त्या पहिल्या दिवशी तिने मलाही विचारलं होतं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. मला ते सहन होईना. वर्षानुवर्षं एका बाईचा हात कमरेपाशीच थांबलेला आहे आणि बाकीचे सगळे शांतपणे वरणभात जेवताहेत, हे काय?

पहिला धागा मिळाला तो स्वयंपाकघरात. आमची स्वयंपाकीण राजाक्का एकदा म्हणाली, “ही बया कोथिंबिरीला सांबार म्हणतीय. आन टमाट्याला भेदरं. मला तर कायबी कळंना झालंय.” म्हणजे वऱ्हाड. पण वऱ्हाड काय एवढंसं आहे? नकाशा दाखवून उपयोग नव्हता, वरून आपलं गाव कोण ओळखतं? म्हणून मी वऱ्हाडातल्या गावागावांतले लोक स्वतःच टाकतात ते व्हिडिओ जमवायला लागले. जत्रा, भंडारे, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट, लग्नाच्या वराती. ती वाटाणे सोलत बसली की लॅपटॉप तिच्यासमोर ठेवून लावून द्यायचे. ती बघायची नाही. मी चिडायचे, उठून फेरी मारून यायचे, दुसरं गाव लावायचे. असे कितीतरी दिवस गेले.

कोळदरा नावाचं एक गाव होतं. तिथला पिठाच्या गिरणीचा मालक, गुलाबराव, गावात जे जे घडे ते सगळं मोबाइलवर काढून टाकत असे. म्हैस व्याली तरी टाकायचा. त्याचा हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचा व्हिडिओ चालू होता. पंगत बसली होती, एक उंच माणूस बादलीतून वरण वाढत होता. पारबताने हातातली शेंग खाली ठेवली, पुढे वाकली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

“दादा वरण पातळ वाढून राह्यला,” ती नाराजीने म्हणाली.

मी गुलाबरावांना तिचा फोटो पाठवला, आणि तासाभरात त्यांचा फोन आला. ही तर त्या वरण वाढणाऱ्या दाजीबाची बहीण पारबता. नवरा गेल्यावर डोक्यावर परिणाम झाला होता, लहानग्या पोरीला, कुशीला, घेऊन भावाकडे येऊन राहिली होती आणि एका जत्रेतून नाहीशी झाली. मी आनंदाने ओसरीभर नाचले होते. राजाक्काला उचलून घ्यायचा प्रयत्न केला होता. आणि आता हा दाजीबा म्हणत होता, ते तर मेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. आवाज हळू होता, वारा वाहत होता. शेतातून बोलत असावा.

“मॅडम, मी दाजीबा. काल मी फोन ठेवला, राग नका मानू. मी तिले शोधलं नाही असं नका समजू. भुसावळ पाह्यलं, नागपूर पाह्यलं, नांदेड पाह्यलं. देवळाच्या दारात बसते ना लोक, त्यायची वाकू वाकू तोंडं पाह्यली मी. मार खाल्ला एका ठिकाणी.”

“मग पुतळा कशाला जाळलात?”

डोकेबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले.

“कुशीसाठी,” तो म्हणाला. “पोरीले पाहाले लोक येत. बाप मेला, हे समजते त्यायले. माय कुठी हाय म्हणून इचारत. आमी सांगो, हरवली. ते म्हणत, पळाली असन. पळालेल्या मायची पोर कोण करते मॅडम? मेलेल्या मायची करते.”

मी खुर्चीतून उठले, दारापर्यंत जाऊन परत आले.

“आता जमलं हाय. पोरगा चांगला हाय, सरकारी दवाखान्यात कामाले हाय. येत्या सोमवारी हळद. आता मेलेली माय उठून आली, तर काय सांगू मी त्यायले?”

“आनंद होईल की त्यांना.”

“तुमचं लग्न झालं का मॅडम?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“नाही, असंच इचारलं.” तो म्हणाला. “मी काल रात्री म्हाराजाले जाऊन भेटलो. ते म्हणे, किरिया केलेलं माणूस वापस आलं तर त्याचा पह्यल्यापासून जन्म करा लागते. तुपानं आंघोळ घालाची, मांडीवर घ्याचं, बारसं कराचं, नाव ठेवाचं. मंग ते जित्त्यात जमा. मी सारं करतो. पण जन्म झाला का सोयर येते. सोयरात लग्न होत नाही. म्हणून म्हणतो, लग्न होऊ द्या. मंग मी सोता येतो तिले न्याले. तवरोक कुशीले काई सांगू नका. हात जोडतो.”

घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर, त्यात शुभकार्य नाही. एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे बाई मेलेली राहिली तर लग्न, जन्मली तर नाही.

“इतकी वर्षं थांबलो, अजून थोडे दिवस,” डोकेबाई फोन ठेवल्यावर म्हणाल्या. “त्या मुलीचा संसार उभा राहतोय. तू मध्ये पडायचं नाहीस. गुलाबरावांनाही मीच सांगते.”

“आणि या बाईने रोज गॅसवाल्याला विचारत राहायचं?”

“हो,” डोकेबाई म्हणाल्या. “राहायचं.”

मी मध्ये पडले नाही, पण घरीही गेले नाही. ओसरीच्या अंगणात फेऱ्या मारत राहिले. माझ्यामागून पारबता झाडत येत होती. मी पाऊल उचललं की तिथून झाडू फिरे. शेवटी ती वैतागून म्हणाली, “एका जागी बसा ना बाप्पा!”

पण जो माणूस म्हैस व्यालेली गावाला दाखवतो, त्याच्या पोटात मेलेली बाई जिवंत झाल्याची गोष्ट किती दिवस राहणार? गिरणीवर दळण घेऊन आलेल्या कुशीला गुलाबरावांनी सगळं सांगून टाकलं. दळण तिथेच ठेवून तिने तिथूनच मला फोन केला.

“मी कुशावर्ता बोलतो,” ती म्हणाली. तिकडे बायकाही ‘बोलतो’ म्हणतात. “माही माय दाखवा.”

मी डोकेबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि होकाराची मान डोलावली.

व्हिडिओ कॉल लावून मी फोन पारबतासमोर धरला. स्क्रीनवर पिठाने पांढरी झालेली एक मुलगी होती, बावीस-तेवीसची, रुंद कपाळाची. ती “माय” म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना. पारबताने तिच्याकडे लक्ष देऊन बघितलं. मला वाटलं, आता. आता होईल.

पारबताने कमरेपाशी हात धरला आणि फोनमधल्या मुलीला विचारलं, “बाई, माही कुशी पाह्यली का? एवढीशी हाय.”

स्क्रीनवरचा चेहरा तसाच राहिला. गिरणी कोणीतरी बंद केली असावी, कारण एकदम शांत झालं.

“पाह्यली,” ती मुलगी म्हणाली. “घेऊन येतो मी तिले.”

ती आली त्या सकाळी मी उगाचच दोनदा स्टेशनवर जाऊन आले. दोन गाड्या बदलून येणार होती आणि दुसरी गाडी लेट होती. शेवटी रिक्षातून उतरली तेव्हा बरोबर दाजीबाही होता, व्हिडिओत दिसला होता त्याहून वाकलेला. त्याचा चेहरा ओढलेला होता. गाडीत दोघांचं भांडण झालेलं दिसत होतं.

पारबता सुपात डाळ घेऊन बसली होती. तिने मान वर केली आणि सरळ भावाकडे बघितलं.

“दादा,” ती म्हणाली, “म्हातारा झाला ना तू!”

दाजीबा तिथेच पायरीवर बसला. टोपी काढून तोंडावर धरली आणि लहान मुलासारखा रडला. पारबता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, “कुशीले नाही आणलं? कोणाजवळ ठेवलं?”

कुशी तिच्या समोर, हात पोहोचेल इतकी जवळ उभी होती.

“मीच कुशी हाव, माय.”

पारबता हसली. चेष्टा कळल्यावर मोठी माणसं हसतात तशी. “माही कुशी एवढीशी हाय,” ती म्हणाली आणि डाळीकडे वळली.

मी तोंड फिरवलं. हे सगळं मी शोधून काढलं होतं. तेव्हा मला वाटलं, नसतं सापडलं तर बरं झालं असतं.

दाजीबाने डोळे पुसले आणि कुशीला म्हणाला, “पाह्यलं ना बाई? झालं मनासारखं? आता दुपारच्या गाडीनं वापस जाऊ. सोमवारी हळद हाय. लग्न झालं का सारं सुरळीत करू.”

“आजच करू,” कुशी म्हणाली.

“काय?”

“बारसं.”

“तुले सांगितलं ना गाडीत! सोयर लागन.”

“तुमी नका करू. मी करतो.” ती डोकेबाईंकडे वळली. “मॅडम, पाळणा हाय का तुमच्याकडं?”

पाळणा नव्हता. पण व्हरांड्यात झोपाळा होता. बातमी आत पोहोचायला वेळ लागला नाही. ओसरीत दिवाळी होते, पंधरा ऑगस्ट होतो, पण बारसं कधी झालं नव्हतं. बायकांनी आपापल्या ठेवणीतल्या साड्या काढून झोपाळ्याला गुंडाळल्या. राजाक्का कमरेला पदर खोचून उभी राहिली.

“बारशाला घुगऱ्या नगं व्हय? उद्याच्या उसळीचं हरभरं भिजत घातल्यात, तेच शिजवती. उद्या खावा पिठलं.”

“पण तूप?” डोकेबाईंनी विचारलं. “आंघोळीला तूप लागेल ना?”

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. दाजीबा अजून पायरीवरच, आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्याने न वळता आपली पिशवी मागे सरकवली. आत फडक्यात बांधलेली तुपाची बाटली होती आणि एक कोरं लुगडं. लग्नानंतर करू म्हणणाऱ्या माणसाने तूप बरोबर कशाला आणलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

राजाक्का आणि कुशीने मिळून पारबताला तूप लावून न्हाऊ घातलं. ओले केस मोकळे सोडून, लुगडं नेसून ती बाहेर आली, तेव्हा तिला काय चाललंय ते कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण बारसं म्हटल्यावर ती खूश दिसत होती. “बाळ कोणाचं हाय?” असं तिने दोघी-तिघींना विचारलं.

कुशी झोपाळ्यावर मांडी घालून बसली. आईला तिने हळूच आडवं केलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बायका गोळा झाल्या. कुशी खाली वाकून आईच्या कानात कुजबुजली, तशी रीतीप्रमाणे मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. आमच्या बायका काही हलक्या हाताच्या नव्हत्या. कुशी मार खात होती, हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी आईच्या कपाळावर पडत होतं.

“आगं मोठ्यानं सांग की!” राजाक्का ओरडली. “नाव काय ठिवलं?”

“पारबता,” कुशी म्हणाली. “तेच. दुसरं कायले?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मांडीवरची पारबता उठून बसली आणि तिनेही वाजवल्या.

घुगऱ्या खाऊन झाल्या तेव्हा दाजीबा उठला. घड्याळ बघितलं. “चाल. गाडीचा टाइम झाला. आन गावात तोंडाले कुलूप. कोणी इचारलं तर शेगावले गेल्तो म्हणाचं.”

कुशी व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी होती. ती हलली नाही.

“बाळंतीण कुठी गावाले जाते का मामा?”

“कोण बाळंतीण?”

“मी. मांडीवर मी घेतलं, नाव मी ठेवलं. सोयर मले लागलं. ते फिटल्याबिगर मी उंबरा नाही ओलांडत.”

“येडी झाली का तू? सोमवारी हळद हाय!”

“त्यायले सांगा, घरात जन्म झाला. खोटं थोडीच हाय?”

“लग्न मोडन, कुशे.”

“मोडू द्या.” तिने खांब घट्ट धरला. “मेलेल्या मायची पोर म्हणून हो म्हणले ते. माही माय मेली नाही. मंग त्यायनं पाह्यली ते पोर मी नाहीच.”

दाजीबाने हात उगारला. मी पुढे झाले, पण त्याने तो हात स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. “मी किती जोडे झिजवले तुह्यासाठी,” तो म्हणाला. “किती लोकायच्या दारात बसलो.”

“मले मालूम हाय मामा. तुमच्यावाणी कोणी नाही केलं.” ती आता रडत होती. “पण मी सासरी गेलो असतो, आन हे इथं एकेकाले इचारत राह्यली असती, कुशी पाह्यली का. कोणत्या तोंडानं कुंकू लावू मी?”

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग रिकामी पिशवी खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाला. मी त्याच्यामागे धावले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय ते ठरलं नव्हतं. मला बघून तो थांबला.

“मॅडम, त्या बाटलीत तूप उरलं हाय. राहू द्या तिथंच,” तो म्हणाला. “बाळंतिणीले लागते तूप.”

ते लग्न मोडलं. सांगून टाकते, नाहीतर वाचणारा तेवढ्यावरच अडून बसेल. दोन्हीकडच्या लोकांनी दाजीबाला पुष्कळ ऐकवलं. मायलेकी कोळदऱ्याला परत गेल्या तेव्हा अर्ध्या गावाने तोंडं फिरवली आणि उरलेलं अर्धं गाव पारबताला बघायला आलं. पुढे दोनेक वर्षांनी कुशीचं एका मास्तराशी लग्न झालं. मी गेले होते. पंगतीत दाजीबाच वरण वाढत होता. मला पुन्हा पुण्यात नोकरी लागली, पुढे बाबाही गेले, आणि आता ओसरीचा कॉम्प्युटर दुसरंच कोणीतरी बघतं. पण मला जेव्हा जेव्हा जागेवर बसवत नाही, तेव्हा त्या दिवशीची, फाटक लागल्यानंतरची दुपार आठवते.

मी परत आले तेव्हा कुशी खांबापासून घसरत खाली बसली होती. नुसत्या फरशीवर, गुडघ्यांत डोकं घालून. मघाशी मामासमोर ताठ उभी राहिलेली ती हीच का, असं वाटावं इतकी हलत होती. डोकेबाई तिच्याकडे निघाल्या, पण राजाक्काने त्यांचा हात धरला.

“रडू द्या तिला,” ती म्हणाली, आणि मग हवा हलकी करायला आत बघून ओरडली, “आगं, बाळंतिणीला कुनी गरम पानी तरी द्या!”

पारबता झोपाळ्यावर केस पुसत बसली होती. तिचा हात थांबला. तिने राजाक्काकडे बघितलं, मग फरशीवर बसलेल्या त्या मुलीकडे. कपाळाला आठ्या पडल्या. मी होते तिथेच उभी राहिले, कारण आता ती उठेल, कमरेपाशी हात धरेल आणि पुन्हा तेच विचारेल, याची मला खात्री होती.

ती उठली. दोरीवर वाळत घातलेली एक जाड चादर तिने ओढून काढली, तिची घडी केली आणि फरशीवर अंथरली. कुशीला बगलेत धरून तिने त्या घडीवर सरकवलं. मग डोकं पुसायचं फडकं झटकून तिने ते कुशीच्या डोक्यावरून घेतलं, दोन्ही कान झाकले आणि हनुवटीखाली गाठ मारली, चांगली घट्ट.

“अशा गार फरशीवर बसते का कोणी बाळंतीण?” ती रागावून म्हणाली. “वारा भरते अंगात. मायचंही आयकत नाही तू? तुह्या टायमाले मी अशीच बसली होती, कुशे, आजून कंबर दुखते माही.”